पाळकाचे आत्मचिंतन आणि सच्च्या श्रद्धेची कसोटी : रेव्ह. ना. वा. टिळक यांच्या सेवाविचाराचा 'स्मृतिचित्रे'च्या साक्षीने पुनर्विचार

प्रस्तावना :

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ९२ वे अधिवेशन जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळ येथे भरले होते. त्यापुढील ९३ वे अधिवेशन जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे झाले आणि त्याचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषविले. एका ख्रिस्ती धर्मगुरूची या पदावर निवड होताच काही मंडळींनी विरोधाचा सूर लावला. धर्मोपदेशक हा साहित्यिक असू शकतो काय, त्याचे लेखन वाङ्मय मानावे की प्रचार, असे प्रश्न विचारले गेले. दिब्रिटोंचे 'सुबोध बायबल', त्यांचे संपादनकार्य आणि वसईतील पर्यावरण-चळवळीतील त्यांचा सहभाग पाहता या प्रश्नांना उत्तर देणे अवघड नव्हते. तथापि हे प्रश्न विचारले गेले, ही बाब मराठी समीक्षेने गांभीर्याने घेण्याजोगी आहे. कारण ज्या भाषेला बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई आणि रेव्ह. नारायण वामन टिळक लाभले, त्या भाषेत हा प्रश्न विसाव्या शतकातच निकालात निघावयास हवा होता. तो निघाला नाही, कारण आपल्या वाङ्मयेतिहासाने टिळकांतील कवी स्वीकारला आणि पाळक बाजूला ठेवला.

प्रस्तुत लेखाचा हेतू टिळकांतील पाळकाकडे पुन्हा वळण्याचा आहे. सेवाकार्य म्हणजे काय आणि श्रद्धा सच्ची कशाने ठरते, याविषयी टिळकांनी केलेला विचार तपासणे. त्यासाठी मेथडिस्ट परंपरेने घडविलेली एक कसोटी तुलनेस घेणे. आणि लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राची साक्ष त्या विचारासमोर ठेवणे, अशी या लेखाची मांडणी आहे. टिळक स्वतः मेथडिस्ट नव्हते. ते अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणजे काँग्रिगेशनल परंपरेतील पाळक होते, हे आरंभीच नमूद करणे आवश्यक आहे. मात्र त्यांना पडलेला प्रश्न मेथडिस्ट चळवळीच्या मुळाशी असलेलाच प्रश्न आहे, आणि यवतमाळ जिल्ह्यातील वाचकास तो परका नाही.

मेथडिस्ट परंपरा आणि 'जवळजवळ ख्रिस्ती' माणूस :

जॉन वेस्ली (१७०३-१७९१) हे इंग्लंडच्या अधिकृत चर्चचे दीक्षित धर्मगुरू होते. ऑक्सफर्डमध्ये शिकलेले, उपास-प्रार्थनेत काटेकोर, तुरुंगातील कैद्यांना भेटणारे असे त्यांचे जीवन होते. १७३५ मध्ये ते धर्मप्रसारासाठी अमेरिकेतील जॉर्जिया वसाहतीत गेले आणि १७३७ च्या अखेरीस अपयशी होऊन तेथून निघाले. २४ मे १७३८ रोजी लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरील एका लहानशा प्रार्थनासभेत त्यांना अंतरीचा जो अनुभव आला, त्याने त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. दीक्षा मिळून दशकाहून अधिक काळ लोटलेल्या धर्मगुरूला आपली श्रद्धा अद्याप आपली झालेली नाही असे वाटावे, हा या घटनेचा मर्मबिंदू होय. पुढे १७४१ मध्ये ऑक्सफर्ड येथेच दिलेल्या प्रवचनात वेस्लींनी 'जवळजवळ ख्रिस्ती' आणि 'पूर्ण ख्रिस्ती' असा भेद मांडला. आचारविधी निर्दोषपणे पाळणारा, प्रामाणिकपणे वागणारा माणूसही 'जवळजवळ'च्या उंबरठ्यावर थांबलेला असू शकतो. उंबरठा ओलांडला जातो तो ईश्वरावरील व शेजाऱ्यावरील प्रेमाने आणि जिवंत विश्वासाने, असे त्यांचे प्रतिपादन होते. आपल्या संतपरंपरेने टिळा-माळेची आणि अंतरीच्या भावाची जी फारकत वारंवार दाखविली, तिच्याशी हे विवेचन सहज जुळते.

या कसोटीचा दुसरा पदर आर्थिक व सामाजिक आहे. वेस्ली प्रार्थनामंदिराबाहेर पडून खाणकामगारांपुढे उघड्या मैदानात बोलले. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील मेथडिस्ट चर्च प्रतिष्ठित झाले आणि तेथील काही मंडळ्यांत बसण्याचे बाक भाड्याने देण्याची पद्धत रूढ झाली. धनिकांना पुढची जागा मिळे, गरिबाला मागे उभे राहावे लागे. या प्रथेस आणि गुलामगिरीविषयीच्या बोटचेप्या धोरणास विरोध करणाऱ्या बी. टी. रॉबर्ट्स यांना १८५८ मध्ये बाहेर काढण्यात आले. १८६० मध्ये न्यूयॉर्क राज्यातील पेकिन येथे त्यांच्या पुढाकाराने 'फ्री मेथडिस्ट चर्च' स्थापन झाले. नावातील 'फ्री' या शब्दात बाकांच्या भाड्यापासूनची मुक्ती अभिप्रेत आहे, हे आपल्याकडे क्वचितच लक्षात घेतले जाते. श्रद्धेचा खरेपणा हा बसण्याच्या जागेच्या प्रश्नाशी निगडित असतो, असा या नावाचा अर्थ होय.

यवतमाळचा संदर्भ :

याच फ्री मेथडिस्ट परंपरेतील अर्नेस्ट वॉर्ड व त्यांच्या पत्नी फीबी १८८१ च्या आरंभी भारतात आले. पुढे या परंपरेचे कार्य वऱ्हाडात स्थिरावले आणि यवतमाळ हे त्याचे केंद्र बनले. १९५३ मध्ये यवतमाळ येथे 'युनियन बिब्लिकल सेमिनरी' ही विविध ख्रिस्ती पंथांची सामायिक धर्मशिक्षणसंस्था सुरू झाली. १९८३ मध्ये ती पुण्यातील बिबवेवाडी येथे स्थलांतरित होईपर्यंत, तीस वर्षे, देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतील भावी पाळक या शहरात शिकत होते. 'पाळकाने कसे जगावे' हा प्रश्न तीन दशके यवतमाळच्या वर्गखोल्यांत अभ्यासक्रमाचा भाग होता. जिल्ह्याच्या सांस्कृतिक इतिहासात या बाबीची पुरेशी नोंद झालेली नाही. कापूस, कोरडवाहू शेती आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या या विषयांनी जिल्ह्याचे चित्र व्यापलेले असताना ते समजण्यासारखे आहे. पण ही उणीव आहे हे मान्य करावयास हवे.

मराठी मुलखात मेथडिस्ट विचाराचा एक ठळक पैलू स्वावलंबनाचा होता. विल्यम टेलर या मेथडिस्ट प्रचारकाने १८७० नंतरच्या काही वर्षांत मुंबईत ज्या मंडळ्या उभारल्या, त्या परदेशी मिशनच्या निधीवर न चालता सभासदांच्या वर्गणीवर चालाव्यात असा त्याचा आग्रह होता. उपदेशक कोणाच्या पैशाने जगतो, हा प्रश्न अशा रीतीने टिळकांच्या बाप्तिस्म्यापूर्वीच महाराष्ट्रात उपस्थित झाला होता.

टिळकांचे सेवाचिंतन :

नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. धर्मजिज्ञासेने अस्वस्थ असलेल्या या तरुणास १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावकडे जात असता आगगाडीत भेटलेल्या एका युरोपीय सहप्रवाशाने 'नवा करार' दिला. त्यातील येशूच्या गिरिप्रवचनाने टिळकांचे मन जिंकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे अहमदनगर ही त्यांची कर्मभूमी झाली. तेथे त्यांनी धर्मशिक्षण दिले, पाळकपद स्वीकारले, 'ज्ञानोदय' या १८४२ पासूनच्या पत्राच्या मराठी विभागाचे संपादन केले आणि विपुल भक्तिगीते लिहिली.

सेवाकार्याविषयीच्या त्यांच्या चिंतनात तीन सूत्रे दिसतात. पहिले सूत्र मार्गाचे. आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो ते तुकारामांच्या सेतूवरून, अशी टिळकांची धारणा होती. सेतू ओलांडल्यावर तो मोडून टाकण्याची त्यांना गरज वाटली नाही. म्हणून त्यांचे ख्रिस्ती अभंग हे मराठी भक्तीचा वेश घेतलेले परकीय धर्मविचार नाहीत. त्यांतील आर्तता, सलगी आणि शरणता ही वारकरी भक्तीच्या व्याकरणातच घडलेली आहे. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी नगर भागात ख्रिस्ती कीर्तनाची जी वाट पाडली होती, ती टिळकांनी काव्याच्या उंचीवर नेली. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातील त्यांच्या गीतांचे स्थान पाहिले, म्हणजे पंथभेदाच्या भिंती गीताने कशा ओलांडल्या हे ध्यानात येते. चार्ल्स वेस्लींच्या हजारो गीतांनी जे कार्य इंग्रजी भाषेत केले, त्याचे मराठीतील नाते टिळकांच्या पदांशी आहे.

दुसरे सूत्र वेतनाचे. मिशनचा पगारी नोकर असलेला उपदेशक ज्या समाजात जातो, तो समाज त्याला 'पोटासाठी बोलणारा' समजतो, ही जाणीव टिळकांना सलत होती. साधू-फकिराच्या निःसंगतेने धर्माची पारख करणाऱ्या देशात वेतनधारी उपदेशकाच्या शब्दाला वजन येत नाही, हे त्यांनी ओळखले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ख्रिस्ती संन्यासाचा मार्ग पत्करला. त्यावेळी त्यांचे वय पंचावन्न होते. नव्या साहसापेक्षा निवृत्तिवेतनाचा विचार करण्याचे ते वय होते, हे लक्षात घेतले म्हणजे या निर्णयाचे मोल कळते.

तिसरे सूत्र मंडळीचे. सातारा येथे त्यांनी 'देवाचा दरबार' ही कल्पना साकारण्याचा प्रयत्न केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य त्यात बंधुभावाने एकत्र यावेत, अशी ती कल्पना होती. येथे वेस्लींचा भेद जणू उलट दिशेने चालविलेला दिसतो. चर्चच्या वहीत नाव असलेला माणूस 'जवळजवळ ख्रिस्ती' असू शकतो, असे वेस्ली म्हणाले. वहीत नाव नसलेला माणूसही ख्रिस्ताचा शिष्य असू शकतो, असे टिळकांनी सुचविले. दोहोंचा निष्कर्ष एकच : नोंद म्हणजे श्रद्धा नव्हे.

याच संदर्भात पंडिता रमाबाईंचे स्मरण होते. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रमाबाईंनी पुढे १९०७ च्या आपल्या साक्षीत, ख्रिस्ती धर्म मिळाला तरी ख्रिस्त मिळावयाचा राहिला होता, अशा आशयाची कबुली दिली. वेस्ली, रमाबाई आणि टिळक या तिघांच्याही बाबतीत धर्मदीक्षेनंतर बऱ्याच वर्षांनी खऱ्या श्रद्धेचा प्रश्न उभा राहतो, हे साम्य अर्थपूर्ण आहे. धर्मांतर हा शोधाचा शेवट असतो, ही आपली सार्वत्रिक समजूत या तिन्ही चरित्रांत चुकीची ठरते.

'स्मृतिचित्रे' : जवळच्या साक्षीदाराची साक्ष :

पाळकाच्या स्वतःच्या शब्दांवरून त्याची श्रद्धा तपासणे हा मार्ग अपुरा आहे. उपदेशकाचा व्यवसायच शब्दांचा असतो. येथे टिळकांच्या अभ्यासकास एक दुर्मीळ साधन उपलब्ध आहे. वेस्लींनी १७५१ मध्ये मेरी व्हझेल यांच्याशी विवाह केला. तो अत्यंत दुःखाचा ठरला आणि दोघे विभक्त झाले. वेस्लींच्या दैनंदिनीचे खंड जगाने वाचले, मेरीने मात्र आत्मचरित्र लिहिले नाही. टिळकांच्या बाबतीत लक्ष्मीबाईंनी ते लिहिले. १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेले 'स्मृतिचित्रे' हे पाळकाच्या घरातून आलेले निवेदन आहे.

लक्ष्मीबाई पतीला दोषमुक्त करीत नाहीत आणि दोषीही ठरवीत नाहीत. टिळकांचा शीघ्रकोप, न सांगता घर सोडून जाण्याची सवय, हाती आलेला पैसा वाटून टाकण्याची ओढ हे सारे त्या हसत-हसत सांगतात. त्या हास्याखाली हिशेब मात्र चोख असतो. पतीच्या धर्मांतराने त्यांच्यावर कोसळलेले दुःख, माहेर-सासरच्या माणसांत कंठलेली काही वर्षे आणि त्या दुःखातून उमटलेली त्यांची पहिली कविता, हा भाग टिळकांच्या श्रद्धेची किंमत कोणी मोजली हे सांगतो. 'मला सत्य सापडले' असे म्हणण्याचा अधिकार पुरुषाला होता; त्या सत्याने निराधार झालेल्या पत्नीला तो अधिकार कोणी विचारला नव्हता.

पण कथा येथे थांबत नाही. पतीकडे परतल्यावरही लक्ष्मीबाई काही काळ आपले सोवळे आणि आपला स्वयंपाक वेगळा ठेवतात. त्यांचे परिवर्तन पतीच्या प्रवचनाने होत नाही. जातिभेद देवाने केला की माणसाने, असा प्रश्न त्या स्वतःला विचारतात, तो माणसाने केला या निर्णयाला येतात आणि मग कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास सिद्ध होतात. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये येतो. आधी पंगत बदलली, नंतर धर्म. प्रस्तुत अभ्यासकाच्या मते 'स्मृतिचित्रे'तील श्रद्धाविचाराचा हा कळस आहे. फ्री मेथडिस्टांनी बाकांच्या भाड्यासंबंधी जे ओळखले, ते लक्ष्मीबाईंनी कोणताही धर्मशास्त्रीय ग्रंथ न वाचता पाण्याच्या भांड्यापाशी ओळखले. पाळक टिळकांनी पत्नीच्या या विलंबाचा आदर केला, ही त्यांच्या श्रद्धेच्या बाजूची मोठी साक्ष मानावी लागते.

उत्तरार्धात टिळकांचे घर निराधार मुलांचे आणि आश्रितांचे घर होते. बालकवी ठोंबरे त्याच घरात काही काळ राहिले. या घराचा भार लक्ष्मीबाईंनी वाहिला. म्हणूनच १९१७ च्या संन्यासाकडे त्यांच्या नजरेतून पाहिले पाहिजे. संन्यास टिळकांनी घेतला. पण चूल, मुले आणि पाहुणे यांनी संन्यास घेतला नव्हता. वेतनत्यागाने उपदेशकाचा शब्द मोकळा होतो, हे खरे. त्याच वेतनावर चालणारे घर कोणी चालवावे, याचे उत्तर टिळकांच्या सेवाविचारात सापडत नाही. ते लक्ष्मीबाईंच्या जगण्यात सापडते.

दोन रूढ वाचनांची चिकित्सा :

टिळकांविषयी दोन वाचने प्रचलित आहेत. पहिल्या वाचनानुसार ते 'फुलांमुलांचे कवी' आहेत. पाठ्यपुस्तकांनी ही प्रतिमा दृढ केली. पदवी वर्गात टिळक शिकविताना 'रेव्हरंड' हा शब्द नावापुढील अलंकार म्हणून उच्चारला जातो. त्याचा अर्थ विद्यार्थ्यास सांगितला जातोच असे नाही. परिणामी, 'वनवासी फूल' ज्या मनाने लिहिले त्याच मनाने 'अभंगांजली' लिहिली, हे सूत्र निसटते आणि निसर्गकवी व भक्त अशी दोन माणसे निर्माण होतात. 'स्मृतिचित्रे'सही असाच न्याय मिळाला. विनोदी, प्रांजळ सहजीवनाची कथा म्हणून ते गौरविले गेले; धर्मविचाराचा ग्रंथ म्हणून ते फारसे वाचले गेले नाही.

दुसऱ्या वाचनानुसार १९१७ चा निर्णय म्हणजे टिळकांची स्वसंस्कृतीकडे परतण्याची सुरुवात होय. हे वाचन आकर्षक असले तरी पुराव्यास उतरत नाही. टिळकांनी मिशनची चाकरी सोडली, ख्रिस्ताची सोडली नाही. त्यांचे अपूर्ण महाकाव्य 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्रच आहे, आणि ते पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. संस्थेवरील टीका म्हणजे श्रद्धेचा त्याग, हे समीकरण टिळकांना लावल्यास वेस्लींनाही लावावे लागेल, आणि तुकारामांनाही.

तथापि टिळकांच्या विचारास एक मर्यादा आहे व ती झाकू नये. नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती मंडळ्यांत मोठा भाग महार व मांग समाजांतून आलेल्यांचा होता. त्यांच्या दृष्टीने 'भारतीय' होण्याचा प्रश्न टिळकांइतका सरळ नव्हता. ज्या परंपरेच्या सेतूवरून टिळक आले, त्याच परंपरेने या माणसांना मंदिराच्या पायरीशी थांबविले होते. चोखोबांची वेदना हा त्याचा पुरावा होय. संन्यासी उपदेशकाची प्रतिमा उच्चवर्णीय मनाला मोहक वाटली, तरी पिढ्यान्‌पिढ्या सक्तीचे दारिद्र्य भोगलेल्या माणसाला स्वेच्छेच्या दारिद्र्याचे अप्रूप वाटेलच असे नाही. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत पुढे आलेल्या दलित ख्रिस्ती धर्मविचाराने हाच मुद्दा मांडला. टिळकांच्या 'दरबारा'त सर्वांना जागा होती. पण तेथील भाषा, रीत आणि आदर्श कोणी ठरवावयाचे, हा प्रश्न त्यांनी पुरेसा विचारलेला दिसत नाही.

समारोप :

९ मे १९१९ रोजी टिळकांचे मुंबईत निधन झाले. 'देवाचा दरबार' त्यांच्या पश्चात टिकला नाही. जे. सी. विन्स्लो या अँग्लिकन धर्मगुरूने १९२३ मध्ये त्यांचे इंग्रजी चरित्र लिहिले आणि आश्रमपद्धतीने चालणाऱ्या 'ख्रिस्त सेवा संघा'त त्यांच्या कल्पनेचा काही अंश जपला. संस्था म्हणून टिळक अयशस्वी ठरले, प्रश्न म्हणून ते अद्याप जिवंत आहेत.

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष संभवतात. एक, पाळक टिळकांना वगळून कवी टिळकांचे आकलन अपुरे राहते. दोन, सच्च्या श्रद्धेची टिळकप्रणीत कसोटी, म्हणजे मार्गाची कृतज्ञता, शब्दाची निर्लोभता आणि मंडळीचा खुलेपणा, ही वेस्लींपासून फ्री मेथडिस्टांपर्यंतच्या परंपरेशी संवादी असून तिचे मूळ मराठी भक्तीत आहे. तीन, या कसोटीत राहिलेली उणीव 'स्मृतिचित्रे'ने भरून काढली आहे. श्रद्धेचा खर्च कोणाच्या नावे पडतो, हे विचारल्याखेरीज ती सच्ची की कसे हे ठरविता येत नाही, असे या ग्रंथातून निष्पन्न होते.

ही तिसरी बाब केवळ ख्रिस्ती पाळकापुरती नाही. गुरुजी, महाराज, समाजसेवक, कार्यकर्ता आणि प्राध्यापक हे सारे उच्चार आणि आचार यांच्या मधल्या जागेत उभे असतात. वर्गात समतेवर व्याख्यान देऊन घरी परतणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात एक न लिहिलेले 'स्मृतिचित्रे' असण्याचा संभव आहे. टिळकांचे थोरपण असे की, त्यांनी पत्नीला अक्षरओळख करून दिली आणि त्या अक्षरांनी तिने त्यांचीच पारख केली. त्या पारखेतून ते लहान होऊन बाहेर पडत नाहीत, हीच त्यांच्या श्रद्धेची सर्वांत विश्वसनीय साक्ष होय.